कायम आणि कंत्राटी : नोकरीच्या निवडीचा विचार



भारतात एखाद्या घरातील मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली की वडीलधारी माणसे प्रथम एकच गोष्ट विचारतात : नोकरी कायम आहे ना? पगाराची चौकशी त्यानंतर होते. हिंदी भाषिक अशा नोकरीला पक्की नौकरी म्हणतात, बंगाली पाका चाकरी म्हणतात, गुजराती तिला कायमी म्हणतात. शब्द निराळे असले तरी त्यांमागील भावना सर्वत्र एकच आहे. लग्नाच्या बोलण्यांत, कर्जाच्या अर्जांत, भाड्याने घर घेतानाच्या वाटाघाटींत या एका शब्दाला जे वजन आहे, ते दुसऱ्या कोणत्याही शब्दाला क्वचितच लाभते.

उलटपक्षी, आज तरुणांच्या हाती पडणारी पुष्कळशी नियुक्तिपत्रे मुदतीची असतात. अकरा महिने, दोन वर्षे, किंवा हाती घेतलेले काम पुरे होईपर्यंत, अशी ती मुदत असते. संघटित कारखानदारीपुरते पाहिले तरी, उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार या शतकाच्या आरंभी दर पाच कामगारांपैकी सुमारे एक कामगार कंत्राटदारामार्फत आलेला असे. 2022-23 मध्ये हे प्रमाण पाचांमध्ये दोन इतके झाले. अनेकदा कंत्राटी कामाचा दरमहाचा आकडा कायम नोकरीच्या आकड्याहून मोठा असतो, आणि ते काम लवकरही मिळते. अशा वेळी काय पत्करावे, हा प्रश्न लाखो कुटुंबांपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा भीतीने दिले जाते किंवा मोहाने. हिशेबाने ते क्वचितच दिले जाते.

हा हिशेब मांडावयाचा तर प्रथम 'कायम' या शब्दाची उकल केली पाहिजे. कायमपणा ही एकसंध वस्तू नव्हे. ती पाच निरनिराळ्या हक्कांची मोळी आहे. सबळ कारणावाचून आणि चौकशीवाचून कामावरून दूर न केले जाणे, हा पहिला हक्क. दूर करावेच लागले तर पूर्वसूचना आणि भरपाई मिळणे, हा दुसरा. वेतन आणि दर्जा यांत क्रमाने वाढ होणे, हा तिसरा. आजारपण, प्रसूती, अपघात आणि वार्धक्य यांत आधार मिळणे, हा चौथा. आणि अन्याय्य वा धोक्याच्या हुकमाला नकार देता येईल इतके बळ अंगी असणे, हा पाचवा. कित्येक कायम म्हणविणाऱ्या नोकऱ्यांत या मोळीतील दोनच काड्या असतात, तर काही कंत्राटी कामांत तीनही सापडतात. यास्तव नावावर विसंबून न राहता मोळी सोडून पाहावी, एवढेच या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

कायमपणा निसर्गतः निर्माण झालेला नाही; तो घडविण्यात आला आहे, हे इतिहासाकडे पाहिले असता स्पष्ट होते. मुंबईच्या कापडगिरण्यांत आरंभीच्या काळात कामगाराची निवड प्रत्यक्ष मालक करीत नसे. ती जॉबर करी. सकाळी गिरणीच्या फाटकाशी बदली कामगारांची गर्दी जमे. त्या दिवशी जितके नेहमीचे कामगार गैरहजर असतील तितक्यांना आत घेतले जाई, आणि उरलेले घरी परतत. जॉबरची मर्जी हीच काय ती नोकरीची हमी होती, आणि ती मर्जी राखण्यासाठी बहुधा पैसेही मोजावे लागत. कलकत्त्याच्या तागगिरण्यांत हीच सत्ता सरदाराच्या हाती असे. 1931 साली आपला अहवाल सादर करणाऱ्या शाही श्रम आयोगाने भरतीचा हा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, असे सुचविले. 1935 पासून मुंबईतील गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. कार्ड असलेल्यालाच रोज हजर राहून कामावर हक्क सांगता येऊ लागला. कायमपणाच्या दिशेने पडलेले ते एक लहानसे पाऊल होते.

यापुढील महत्त्वाचा टप्पा म्हणजे 1946 चा औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियम. मालकाने नोकरीच्या शर्ती लेखी स्वरूपात ठरवून त्या प्रमाणित करून घ्याव्यात, असे बंधन या कायद्याने घातले. त्याखालील आदर्श स्थायी आदेशांत कामगारांचे कायम, परिविक्षाधीन, बदली, तात्पुरता, नैमित्तिक आणि शिकाऊ असे वर्ग पाडण्यात आले. 1947 चा औद्योगिक विवाद अधिनियम आणि त्यात 1953 मध्ये घातलेल्या तरतुदी यांमुळे नोकरकपातीच्या वेळी सूचना व भरपाई देणे आवश्यक झाले. 1976 मध्ये तीनशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना, खाणींना व मळ्यांना नोकरकपातीपूर्वी सरकारची परवानगी घेणे भाग पडले. ही संख्या पुढे शंभरावर आणण्यात आली. 21 नोव्हेंबर 2025 पासून या जुन्या कायद्यांची जागा चार नव्या श्रमसंहितांनी घेतली, आणि परवानगीची अट पुन्हा तीनशे कामगारांच्या आस्थापनांपासून लागू झाली. एका संख्येचे हे वरखाली होणे अभ्यासनीय आहे. कोणाची नोकरी किती पक्की, हे ठरविणारी रेषा देशाच्या आर्थिक धोरणाबरोबर सरकत असते.

याच संदर्भात एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे इष्ट होईल. 240 दिवस भरले की कामगार आपोआप कायम होतो, असे देशभर मानले जाते. केंद्रीय कायद्यात 240 दिवसांना महत्त्व आहे ते निराळ्या कारणासाठी. बारा महिन्यांत तितके दिवस काम केले की ते एक वर्षाची सलग सेवा समजले जाते. तशा कामगाराची नोकरकपात करावयाची झाल्यास एक महिन्याची सूचना आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. म्हणजे मोळीतील दुसरा हक्क मिळतो. पहिला त्यामुळे सर्वस्वी मिळतोच असे नाही. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत मात्र 240 दिवसांची अखंड सेवा करणाऱ्या तात्पुरत्या व बदली कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. एका राज्यातील विशेष नियम ऐकीव माहितीने सर्व देशाचा नियम होऊन बसला आणि त्यावर विसंबून अनेकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. कामगारांना कायमपणापासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगारप्रथा ठरते, हे खरे. परंतु तो हेतू न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि तोवर माणसाच्या आयुष्याची उमेदीची वर्षे निघून जातात.

आता कंत्राटी कामाकडे वळू. येथेही एका शब्दाखाली किमान चार भिन्न अवस्था दडलेल्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच निवड चुकते.

पहिली अवस्था कंत्राटदाराच्या कामगाराची. हा माणूस काम करतो कारखान्यात. त्याचे नाव असते कंत्राटदाराच्या पुस्तकात. ट्रॉम्बे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातील साफसफाईचे काम कंत्राटदाराकडून करून घेण्याच्या पद्धतीबद्दलचा वाद 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. काम बारमाही आहे काय, कारखान्याच्या चालनाला ते आवश्यक आहे काय, इतरत्र ते नियमित कामगारांकडून करून घेतले जाते काय, अशा कसोट्या त्या प्रकरणात लावण्यात आल्या, आणि कंत्राटपद्धती बंद करण्याचा निवाडा कायम राहिला. याच कसोट्यांना पुढे 1970 च्या कंत्राटी कामगार (विनियमन व निर्मूलन) अधिनियमात स्थान मिळाले. 1978 मध्ये कालिकतच्या एका कारखान्यासंबंधीच्या निर्णयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कंत्राटदाराचा पडदा बाजूला सारून खरा मालक कोण हे पाहावे, असा दृष्टिकोन मांडला. कंत्राटपद्धतीला मनाई झाली की कामगार मूळ आस्थापनेत सामावला जावा, असे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. परंतु 2001 मध्ये भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरविला. कंत्राट केवळ देखाव्यापुरते होते असे सिद्ध झाले तरच कामगार मूळ मालकाचा ठरतो; केवळ मनाईच्या आदेशाने आपोआप सामावून घेतले जाण्याचा हक्क त्याला मिळत नाही. नव्या संहितेने आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आहे. तथापि तिला अपवाद आहेत, आणि साफसफाई, पहारा, उपाहारगृह, मालाची चढउतार ही कामे सामान्यतः मुख्य कामांत धरली जात नाहीत. ज्या हातांना कायमपणाची गरज सर्वांत अधिक, तेच अशा रीतीने रेषेबाहेर राहतात.

दुसरी अवस्था नियत मुदतीच्या नेमणुकीची. येथे मध्यस्थ नसतो. मालक स्वतःच ठराविक काळासाठी नेमणूक करतो. 2016 मध्ये तयार कपड्यांच्या उद्योगापुरती आणि 2018 मध्ये सर्व उद्योगांसाठी केंद्र सरकारने ही पद्धत स्थायी आदेशांत आणली, आणि नव्या संहितेत ती कायम राहिली. अशा कामगाराचे कामाचे तास, वेतन व भत्ते त्याच स्वरूपाचे काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी असता कामा नयेत. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सेवा लागते. नियत मुदतीच्या कामगाराला, सरकारी स्पष्टीकरणानुसार, एका वर्षाच्या सेवेनंतर ती मिळू शकते. चौथा हक्क येथे बऱ्याच अंशी शाबूत आहे. पहिला व दुसरा मात्र नाहीत. मुदत संपल्यावर करार पुढे न चालविणे याला कायदा नोकरकपात मानत नाही. 1984 पासून हेच सूत्र चालत आले आहे.

तिसरी अवस्था सरकारी कार्यालयांतील रोजंदारी, हंगामी व कंत्राटी कर्मचाऱ्यांची. कायम सरकारी सेवकाला संविधानाच्या अनुच्छेद 311 चे संरक्षण आहे; चौकशी केल्यावाचून त्याला बडतर्फ करता येत नाही. त्याच्याच शेजारच्या मेजावर बसून तेच काम करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्याला ते नाही. 10 एप्रिल 2006 रोजी कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने असे ठरविले की, सार्वजनिक सेवेतील प्रवेश सर्वांना समान संधी देणाऱ्या रीतसर निवडीनेच झाला पाहिजे. केवळ दीर्घकाळ काम केले म्हणून कोणाला कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर पदांवर दहा वर्षे काम केलेल्यांसाठी एकवार अपवाद करण्याची मुभा तेवढी देण्यात आली. यामागील तत्त्वात न्याय होता, कारण मागील दाराने झालेल्या प्रत्येक नेमणुकीमुळे रांगेत उभ्या असलेल्या कोणाची तरी संधी हुकते. परंतु त्याचा आधार घेऊन कार्यालये वर्षानुवर्षे माणसे तात्पुरती ठेवीत राहिली. 2016 मध्ये जगजित सिंग प्रकरणात समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू करण्यात आले. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगातील साफसफाई व बागकाम करणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना सेवेत नियमित करण्याचा आदेश दिला, आणि उमादेवी निर्णयाची ढाल करून दीर्घ सेवेची उपेक्षा करू नये, असे बजाविले. या सर्वांचा मथितार्थ असा की, 'आज आत शिरू, उद्या कायम करतील' ही आशा फळास येतेही. परंतु तिच्यावर संसार उभारावा इतकी ती भक्कम नाही.

चौथी अवस्था सल्लागाराची किंवा शुल्कावर काम करणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाची. येथे पगार नसतो, फी असते. मालक नसतो, ग्राहक असतो. वेळेचे आणि पद्धतीचे स्वातंत्र्य, अनेकांकडे काम करण्याची मोकळीक, हे या अवस्थेचे खरे धन होय. मात्र ते स्वातंत्र्य प्रत्यक्षात असले पाहिजे. नाव सल्लागाराचे, पण हजेरी रोज दहा वाजता, वरिष्ठाची परवानगी घेतल्याशिवाय रजा नाही आणि दुसरीकडे काम करण्यास मनाई, अशी स्थिती असेल तर त्या माणसाने स्वातंत्र्यही गमाविले आणि संरक्षणही. कच्छच्या लहान रणात मिठागरांवर मापावर मजुरी घेणारे अगरिया स्वतंत्र धंदेवाले की कामगार, असा वाद 1956 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला असता, कामाच्या पद्धतीवर कंपनीचे नियंत्रण असल्यामुळे ते कामगारच होत, असा निर्णय झाला. करारपत्राच्या शीर्षकापेक्षा कामाचे प्रत्यक्ष स्वरूप महत्त्वाचे, हा त्या निर्णयाचा धडा आजच्या वातानुकूलित कार्यालयांनाही तितकाच लागू पडतो.

या चार अवस्था ध्यानात घेतल्यावर पैशाचा हिशेब करता येतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तंत्रज्ञापुढे दोन पत्रे आहेत. कायम नोकरीत दरमहा 40,000 रुपये आहेत. त्यांपैकी मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 24,000. वैद्यकीय खर्च मालक सोसतो. दुसऱ्या पत्रात सल्लागार म्हणून दरमहा 50,000 रुपये देऊ केले आहेत. वरवर पाहता दुसरे पत्र दहा हजारांनी सरस आहे.

आता बारकाईने पाहू. कायम नोकरीत मालक भविष्यनिर्वाह निधीत 24,000 च्या बारा टक्के, म्हणजे 2,880 रुपये दरमहा भरतो. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी, म्हणजे 24,000 ला 26 ने भागून 15 ने गुणले असता सुमारे 13,846 रुपये, महिन्याला 1,154. एकूण मोबदला 44,034 रुपये झाला. सल्लागाराला वर्षातून एक महिना काम नसेल, असे धरू. दोन करारांच्या मध्ये इतकी पोकळी पडणे असाधारण नाही. पन्नास हजारांची सरासरी त्यामुळे 45,833 वर येते. वर्षातून वीस दिवस आजारपण, लग्नकार्य वा घरची अडचण यांत गेले, तर त्या दिवसांचे पैसे त्याला मिळत नाहीत. दरमहा सुमारे 3,205 रुपये कमी झाले. कुटुंबाच्या आरोग्यविम्यासाठी महिन्याला 2,000 रुपये बाजूला काढले, तर हाती उरतात सुमारे 40,628 रुपये. दहा हजारांनी मोठा दिसणारा आकडा प्रत्यक्षात सुमारे साडेतीन हजारांनी लहान निघाला. दोन्ही पारडी समान व्हावयाची तर या उदाहरणात कंत्राटी मोबदला सुमारे 54,000 रुपये, म्हणजे कायम वेतनाच्या पस्तीस टक्के अधिक असावयास हवा. आकडे प्रत्येकाचे निराळे येतील. परंतु बेरीज-वजाबाकी याच रीतीने करावी लागेल.

मात्र मोळीतील पाचवा हक्क कोणत्याच बेरजेत सापडत नाही. वायू साचलेल्या टाकीत उतरण्याचा हुकूम होतो. श्वसनाचा मुखवटा नाही, वर दोर धरावयास माणूस नाही. कायम कामगार 'साधने आल्याशिवाय उतरणार नाही' असे म्हणू शकतो; फार तर त्याला लेखी जाब विचारला जाईल, आणि त्या जाबाला उत्तर देण्याची संधीही मिळेल. ज्याच्या कराराचे नूतनीकरण पुढल्या महिन्यात व्हावयाचे आहे, तो टाकीच्या तोंडाशी उभा राहून दोन्ही भये तोलतो, आणि पुष्कळदा खाली उतरतो. त्याला कामावरून काढून टाकण्याचीही गरज नसते; करार पुढे चालविला नाही की झाले. प्रयोगशाळेतील चुकीची नोंद दाखवून देणारा साहाय्यक, हिशेबातील गफलतीवर बोट ठेवणारा लेखापाल, वरिष्ठाच्या वर्तनाविरुद्ध तक्रार करू पाहणारी महिला कर्मचारी, गरोदरपणाची बातमी शक्य तितके दिवस लपवून ठेवणारी कंत्राटी शिक्षिका, या सर्वांची गोष्ट मुळात एकच आहे. प्रसूतिलाभाचा कायदा 1961 पासून आहे, आणि दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील महिला मजुरांनाही तो लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये स्पष्ट केले. परंतु ज्या हक्काची मागणी करताच काम जाण्याची धास्ती वाटते, तो कागदावरच राहतो. नकार देण्याचे बळ हा कायमपणाचा गाभा आहे, आणि ते गेल्याचे नुकसान केवळ त्या एका व्यक्तीचे नसते. त्या प्रयोगशाळेच्या अहवालावर विसंबणारा रुग्ण आणि त्या शिक्षिकेचे विद्यार्थी यांचेही ते नुकसान असते.

इतके सांगितल्यावर कायम नोकरीची निष्कारण स्तुतीही करता कामा नये. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला तेव्हा त्यात सुमारे अडीच लाख कामगार सामील होते. त्यांतील असंख्य जणांची नावे कायम कामगारांच्या पुस्तकात होती. संपानंतर अनेकांना परत घेतले गेले नाही, आणि पुढे गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. जो उद्योगच राहत नाही, त्यातील कायमपणा कोणाच्या उपयोगी पडणार? निवृत्तिवेतनाचेही तसेच. 1 जानेवारी 2004 पासून केंद्र सरकारच्या सेवेत येणाऱ्यांना, सैन्यदले वगळता, जुने हमीचे निवृत्तिवेतन उरले नाही. त्याऐवजी अंशदानाची पद्धत आली, आणि 1 एप्रिल 2025 पासून खात्रीच्या रकमेचा एक नवा पर्याय देण्यात आला. शिवाय, 2017-18 च्या नियतकालिक श्रमबल पाहणीत असे आढळले की, शेतीबाहेरील नियमित पगारदारांपैकी सुमारे 71 टक्के लोकांजवळ लेखी करार नव्हता, सुमारे 54 टक्क्यांना पगारी रजा नव्हती, आणि जवळपास निम्म्यांना कोणतेही सामाजिक सुरक्षेचे लाभ नव्हते. दरमहा पगार मिळतो म्हणून जी नोकरी कायम समजली जाते, ती मोळी सोडून पाहिली असता कित्येकदा रिकामी निघते.

आणखी एक गोष्ट. कायम खुर्चीत माणसाचे कौशल्य कधीकधी गंजते. वीस वर्षे एकाच यंत्रावर, एकाच जुन्या पद्धतीने काम केलेला माणूस बाहेर पडल्यावर गोंधळून जातो. याउलट ज्याच्या कौशल्याला बाजारात मागणी आहे, ज्याची ओळख एका मालकापुरती मर्यादित नाही, ज्याच्या गाठीशी सहा महिन्यांचा खर्च आहे आणि ज्याच्या घरात दुसरे एक नियमित उत्पन्न आहे, त्याच्या बाबतीत स्वतंत्र कंत्राटी काम हा धाडसाचा नव्हे, शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. मुले लहान असल्याने अर्धवेळ काम करू इच्छिणारी अभियंता स्त्री, निवृत्तीनंतरही ज्ञान टिकवून असलेला शास्त्रज्ञ, अनेक भाषांत काम असणारा भाषांतरकार, यांना मुदतीचे काम सोयीचे वाटते ते यामुळेच. अशा माणसांजवळ नकार देण्याचे बळ आधीच असते. ते त्यांना नोकरीकडून मिळवावे लागत नाही. ज्यांच्याजवळ ते नाही, त्यांच्यापुढे खरी निवड नसतेच. समोर येईल ते काम घ्यावे लागते. त्यांना निवडीचा उपदेश करण्यापूर्वी त्यांची स्थिती समजून घेतली पाहिजे.

अशांसाठी कायम आणि कंत्राटी यांच्या दरम्यान तिसरी वाट आहे काय? आपल्याच देशाच्या अनुभवात ती आहे. गोदीतील काम जहाजांच्या येण्याजाण्यावर अवलंबून असल्याने रोज सारखे नसते. 1948 च्या गोदी कामगार कायद्याखाली 1951 मध्ये मुंबईत योजना लागू झाली. नोंदलेल्या कामगारांना पाळीपाळीने काम वाटून देणे, महिन्यातील किमान काही दिवसांच्या वेतनाची हमी देणे आणि काम नसताही हजेरीचा भत्ता देणे, हे मंडळाकडे सोपविण्यात आले. काम नैमित्तिकच राहिले, पण माणूस नैमित्तिक राहिला नाही. 1997 च्या कायद्यानंतर प्रमुख बंदरांतील ही मंडळे बंदरांच्या प्रशासनांत विलीन करण्याचा मार्ग मोकळा झाला. अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या माथाडी कामगारांच्या लढ्यातून महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा झाला. आज एका व्यापाऱ्याचे आणि उद्या दुसऱ्याचे ओझे वाहणाऱ्या हमालाची मजुरी मंडळाकडे जमा होते. व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या अधिभारातून त्याला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे वेतन आणि औषधोपचार मिळतात. केरळने 1978 मध्ये ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी असाच कायदा केला. 2023 मध्ये राजस्थानने मोबाइलवरील मागणीनुसार माल पोहोचविणाऱ्या व वाहने चालविणाऱ्यांसाठी नोंदणी व कल्याणनिधीचा कायदा केला, त्यातही हेच सूत्र दिसते. सुरक्षा मालकाला न बांधता धंद्याला बांधावी, म्हणजे मालक बदलला तरी माणूस उघडा पडत नाही. या मंडळांच्या कारभारात दोष शिरले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दोष कारभाराचे होत, कल्पनेचे नव्हेत.

ज्याला आज एखाद्या पत्रावर सही करावयाची आहे, त्याने सहीपूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. आपला मालक नेमका कोण : ज्याच्या आवारात काम करावयाचे तो, की ज्याने पत्र दिले तो? मुदत किती, आणि ती संपण्यापूर्वी काम सुटले तर कोणी किती दिवसांची सूचना द्यावयाची? भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक मिळणार काय? जुने खाते असल्यास तेच पुढे चालवावे. निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा निरनिराळ्या मालकांकडची मिळूनही पुरी होते, मात्र मधल्या काळात पैसे काढून घेतले तर ती साखळी तुटते. अपघात झाला तर खर्च कोणाचा? हेच काम करणारा कायम कर्मचारी तेथे आहे काय, आणि त्याचे वेतन किती? पूर्वीच्या कंत्राटी माणसांचे काय झाले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात मिळाले नाही तर बाहेर चहाच्या टपरीवर मिळते, आणि ते पत्रातील मजकुरापेक्षा पुष्कळदा अधिक विश्वसनीय असते. नियुक्तिपत्र, पगारपत्रक, हजेरीचा पुरावा आणि प्रत्येक नूतनीकरणाची प्रत जपून ठेवावी. वर उल्लेखिलेल्या निर्णयांसारख्या खटल्यांत अखेरीस याच कागदांनी साक्ष दिली.

हे प्रश्न विचारण्याची उमेदवाराला हिंमत व्हावी, आणि ते विचारल्याबद्दल त्याचे पत्र परत घेतले जाऊ नये, इतकी तरी काळजी समाजाने घ्यावयास हवी. शाळा, रुग्णालये, रेल्वेमार्ग, वीजवाहिन्या, मलनिःसारण यांसारखी बारमाही कामे मुदतीच्या माणसांवर ढकलून सार्वजनिक संस्था जो खर्च वाचवितात, तो नाहीसा होत नाही. तो त्या माणसाच्या घरात जातो : न घेतलेल्या औषधाच्या रूपाने, मुलीच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणाच्या रूपाने. नगरपालिकेचा किंवा महामंडळाचा जमाखर्च वाचताना ज्या रकमा तेथे दिसत नाहीत, त्यांचीही विचारपूस नागरिकांनी केली पाहिजे.